‘लोकल’ म्हणून सोडलेले कर्नलचे पॅच आणि रीबूटची भीती

प्रश्न थोडक्यात असा होता: पुण्यात एका मध्यम कंपनीत दोन वर्षं सिस्टीम अ‍ॅडमिन आहे, चाळीसेक लिनक्स सर्व्हर अंगावर आहेत, ऑडिटवाल्यांनी व्हीए रिपोर्ट (स्कॅनरने शोधलेल्या सुरक्षेतल्या भोकांची यादी) दिलाय आणि त्यात कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) नावाने पानंच्या पानं लाल आहेत. टीम लीड म्हणतो हे सगळं लोकल आहे, बाहेरून कोणी येऊ शकत नाही, सोडून दे. काही मशीनवर अपडेट मारूनही स्कॅनर तेच दाखवतोय. आणि एक डेटाबेस सर्व्हर सहाशे दिवस बंद झालेला नाही, त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. दादा, लाइव्ह पॅचवर (रीबूट न करता चालत्या कर्नलमध्ये मारलेली दुरुस्ती) भागेल का?

दादा म्हणालास म्हणून अरे-तुरेच करतो.

आधी तुझ्या टीम लीडचं बघू. तो खोटं बोलत नाहीये. रिपोर्टमध्ये ‘लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशन’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ खरंच एवढाच की हल्लेखोराला आधी त्या मशीनवर कसलातरी साधा कोड चालवता आला पाहिजे, मग तो कर्नलच्या भोकातून रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होतो. घोळ होतो तो ‘लोकल’ ऐकून आपण मनात जे चित्र काढतो त्यात, की ऑफिसातलाच कोणीतरी खुन्नस असलेला माणूस एसएसएच (दुरून लॉगिन) करून बसलाय. तसं क्वचित होतं. होतं काय तर मार्केटिंगवाल्यांनी कधीतरी टाकलेल्या वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये भोक असतं, त्यातून कोणीतरी आत येतो, आणि तो आत येतो तेव्हा त्याच्या हातात वेब सर्व्हरचा एक फाटका युजर असतो ज्याला धड काही करता येत नाही, लॉग पुसता येत नाहीत, शेजारच्या अ‍ॅपचे पासवर्ड वाचता येत नाहीत. त्या क्षणी तो ‘लोकल’ झाला. आता त्याला फक्त तुझ्या रिपोर्टमधली ती लाल ओळ हवी असते. म्हणजे कुठल्याही मशीनकडे बघताना विचारायचं असतं ते हे, की यावर परका कोड चालण्याची शक्यता किती आहे. वेब सर्व्हर, जेनकिन्सचे बिल्ड रनर (कोड आपोआप बांधणारी मशीन), डेव्हलपरांचे जंप सर्व्हर (आत शिरायचे मधले सर्व्हर), शेअर्ड होस्टिंग, कंटेनरचे होस्ट, हे सगळे वरच्या रांगेत.

कंटेनरचं वेगळं सांगतो कारण तिथे लोक फार निर्धास्त असतात. डॉकर (एकाच मशीनवर प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) म्हणजे चाळ आहे, खोल्यांना कुलपं वेगवेगळी पण जिना, गच्ची आणि पाण्याची टाकी एकच. ती टाकी म्हणजे कर्नल. वीस कंटेनर चालत असतील तरी कर्नल एकच असतो, होस्टचा, आणि कर्नलमधलं भोक बऱ्याचदा एका कंटेनरमधून थेट होस्टवर घेऊन जातं. कंटेनरची इमेज रोज नवी बांधता म्हणून कर्नल पॅच झाला असं अजिबात होत नाही, इमेजमध्ये कर्नल नसतोच.

आता एक खरी केस सविस्तर सांगतो, कारण ती कळली की रिपोर्टकडे कसं बघायचं ते आपोआप कळतं. ही डर्टी पाइप, सीव्हीई-२०२२-०८४७ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या भोकाला मिळणारा नंबर).

मॅक्स केलरमन नावाचा जर्मनीतला प्रोग्रॅमर, होस्टिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे एक अगदी फालतू वाटणारं तिकीट आलं, की ग्राहकाने डाउनलोड केलेली अ‍ॅक्सेस लॉगची फाइल उघडत नाही, जीझिप (फाइल दाबणारा प्रोग्रॅम) म्हणतंय सीआरसी, म्हणजे मजकूर शाबूत आहे का ते तपासणारा आकडा, चुकलाय. फाइलमधला मजकूर नीट होता, फक्त शेवटचा चेकसम चुकलेला. त्याने हाताने तो दुरुस्त केला, तिकीट बंद केलं. आपणही तेच केलं असतं. पण काही महिन्यांनी पुन्हा तेच, मग पुन्हा. शेवटी तो हात धुऊन मागे लागला आणि सगळ्या खराब फाइल शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, तर प्रत्येकीत शेवटचे ८ बाइट बदललेले आणि सगळीकडे तेच ८ बाइट, सुरुवातीला ‘पीके’ ही अक्षरं. झिप फाइलशी कधी मारामारी केली असेल तर ही दोन अक्षरं तुला माहीत असतील, झिपच्या हेडरची खूण. आणि खराब फाइल बहुतेक करून महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या!

कारण असं होतं, त्यांच्याकडे रोजचा लॉग वेगळ्या फाइलमध्ये दाबून ठेवलेला असायचा, आणि ग्राहकाने अख्खा महिना मागितला की वेब सर्व्हिस त्या सगळ्या फाइल एका झिपमध्ये गुंफून पाठवायची. फाइलचा मजकूर ‘स्प्लाइस’ नावाच्या सिस्टीम कॉलने (प्रोग्रॅमने कर्नलला सांगितलेलं काम) थेट पाइपमध्ये, म्हणजे कर्नलमधल्या डेटाच्या नळीत, जायचा (कॉपी न करता, वेग मिळावा म्हणून), आणि मधले हेडर साध्या ‘राइट’ने लिहिले जायचे. महिन्यातली शेवटची फाइल संपली की लगेच झिपची अनुक्रमणिका लिहायची, तिची सुरुवात ‘पीके’ने, आणि ती अनुक्रमणिका पाइपमध्ये जायच्या ऐवजी त्या शेवटच्या लॉग फाइलच्याच अंगावर लिहिली जात होती. आता गंमत बघ, त्या वेब सर्व्हिसला त्या लॉग फाइलवर लिहायची परवानगीच नव्हती, फक्त वाचायची. ज्याला लिहिता येत नाही त्याने लिहिलं कसं? इथे त्याला कळलं की हा आपल्या प्रोग्रॅमचा बग नाही, हा कर्नलचा आहे.

आत काय होत होतं ते साध्या भाषेत सांगतो. डिस्कवरची फाइल वाचली की कर्नल तिचे तुकडे रॅममध्ये ठेवतो, त्याला पेज कॅशे म्हणतात, आणि मशीनवरचे सगळे प्रोग्रॅम ती फाइल वाचताना तिथूनच वाचतात. स्प्लाइस केलं की पाइपच्या कप्प्यात त्या पेजची कॉपी जात नाही, तेच पेज दाखवणारं बोट जातं. पाइपच्या प्रत्येक कप्प्याला काही फ्लॅग (हो-नाही सांगणाऱ्या खुणा) असतात, त्यातला एक सांगतो की ‘या पेजमध्ये जागा उरली असेल तर पुढचं लिखाण इथेच जोडलं तरी चालेल’. पाइपच्या स्वतःच्या पेजसाठी हे ठीक आहे. पण कप्पा फाइलचं पेज दाखवत असेल तर हा फ्लॅग बंदच पाहिजे. आणि कोडमध्ये कप्पा पुन्हा वापरायला घेताना तो फ्लॅग शून्य करायचाच राहून गेला होता. म्हणजे डब्यावर आधीचं ‘मीठ’ लेबल तसंच आणि आत भरली साखर, आणि कर्नल लेबल वाचून काम करतो. फ्लॅग शून्य न करण्याची चूक २०१६ पासून कोडमध्ये पडून होती, तेव्हा तिचा काही उपद्रव नव्हता कारण त्या फ्लॅगला तेव्हा असा अर्थच नव्हता. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीसाठी कोणीतरी पाइपचा कोड आवरायला घेतला, चांगल्या हेतूने, आणि या जुन्या चुकीला दात आले.

परिणाम काय, तर जी फाइल तुला फक्त वाचता येते तिच्या पेज कॅशेवर तू लिहू शकतोस. पासवर्डची फाइल सगळ्यांना वाचता येते. रूटच्या हक्काने चालणारे प्रोग्रॅम सगळ्यांना वाचता येतात. पुढचं तू समजून घे. मर्यादा होत्या, फाइल लांबवता येत नाही, पेजच्या पहिल्या बाइटवर लिहिता येत नाही, पण रूट व्हायला त्यातलं काही आडवं येत नाही. आणि वाईट म्हणजे कर्नलला त्या पेजमध्ये बदल झाल्याचं कळतच नाही, म्हणून ते डिस्कवर उतरत नाही, मशीन रीबूट केलं की फाइल पुन्हा शुद्ध. पुरावा गायब. म्हणून कधी असा संशय आला तर घाबरून आधी रीबूट मारू नकोस, आधी मेमरीचा डंप घे. सर्ट-इनचा (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे की घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे, तेव्हा ‘रीबूट केलं आणि नीट झालं’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

या केसमधला पॅच किती होता माहितीये? दोन ओळी. दोन ठिकाणी फ्लॅग शून्य करायचा, बास.

पण मला तुला दाखवायच्यात त्या तारखा. २० फेब्रुवारी २०२२ ला त्याने कर्नलच्या सुरक्षा टीमला कळवलं, पॅचसकट. २३ फेब्रुवारीला ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्या आल्या. जाहीर वाच्यता ७ मार्चला. म्हणजे १२ दिवस तो पॅच जगासमोर उघडा पडलेला होता आणि त्याच्या शीर्षकात फक्त असं काहीतरी, की पाइपच्या बफरमध्ये फ्लॅगला सुरुवातीची किंमत द्या. कुठेही ‘सुरक्षा’ शब्द नाही, घंटा नाही, नगारा नाही. रोजच्या रोज कर्नलचे पॅच वाचणारी मंडळी असतात, चांगली आणि वाईट दोन्ही, त्यांना अशा ओळीतून वास येतो. आपल्याला मात्र पेपरात नाव आल्यावर कळतं. बातमी आली की पॅच मारू, ही पद्धत कर्नलला चालत नाही ती यामुळे.

दुसरी केस पटकन. डर्टी काऊ, सीव्हीई-२०१६-५१९५. हे भोक २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून होतं आणि ऑक्टोबर २०१६ ला बंद झालं, नऊ वर्षं. प्रोग्रॅमचा एक थ्रेड (समांतर चालणारा धागा) फाइलच्या खाजगी कॉपीवर लिहितोय, दुसरा थ्रेड नेमकी ती कॉपी फेकून द्यायला सांगतोय, दोघांची वेळ जुळली की लिखाण मूळ फाइलवर पडतं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्डसने पॅचच्या टिपणात स्वतःच लिहिलंय की अकरा वर्षांपूर्वी हीच रेस (दोघांच्या वेळेची शर्यत) बंद करायचा प्रयत्न मी केला होता, वाईट पद्धतीने, आणि मग आयबीएमच्या एस३९० मशीनवर त्रास झाला म्हणून तो मागे घ्यावा लागला. आणि हे भोक सापडलं कसं, तर फिल ऑस्टर नावाच्या माणसाच्या सर्व्हरवर कोणीतरी ते वापरत होतं, त्याने येणाऱ्या ट्रॅफिकची कॅप्चर ठेवलेली होती त्यातून हत्यार हातात आलं. म्हणजे वापर आधी, शोध नंतर. त्यावर कडी म्हणजे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कळलं की तो पॅचही अर्धवट होता, मोठ्या पेजच्या बाबतीत फट राहिली होती, तिला वेगळा नंबर पडला, सीव्हीई-२०१७-१०००४०५. एकदा पॅच मारला की त्या ओळीवर कायमची फुली मारता येत नाही ती अशी.

आणि ‘लोकल’ म्हणून टीम लीडला दाखवायचंच असेल तर सीव्हीई-२०२४-१०८६ दाखव. फायरवॉलच्या एनएफटेबल्स भागातला यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं. पूर्णपणे लोकल. जानेवारी २०२४ मध्ये दुरुस्ती आली, मार्चमध्ये चालणारं एक्सप्लॉइट (भोक वापरणारा तयार कोड) सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि ३० मे ला अमेरिकेच्या सिसाने (तिथली सरकारी सायबर सुरक्षा संस्था) ते ‘प्रत्यक्षात वापरलं जातंय’ या यादीत टाकलं. पुढे त्याच नोंदीत रॅन्समवेअरवाले वापरतात हेही आलं. ही यादी फुकट आहे, तुझ्या रिपोर्टमधला कुठलाही नंबर त्या यादीत असेल तर त्या ओळीवर चर्चा करायची नाही, तिथे फक्त तारीख ठरवायची.

बाहेरून येणारं कर्नलचं भोक क्वचित असतं, पण असलं की काय होतं ते विंडोजवाल्यांनी २०१७ मध्ये बघितलं. एसएमबीचा, म्हणजे फाइल शेअरिंगचा, तो बग कर्नलच्याच ड्रायव्हरमध्ये होता, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला पॅच दिला, १२ मे ला त्याच भोकातून पसरणारा वॉनाक्राय रॅन्समवेअर आला. दोन महिने हातात होते. आणि त्यानंतरही जूनच्या शेवटी नॉटपेट्या आला तेव्हा तेच भोक त्याच्या पसरायच्या साधनांपैकी एक होतं, मर्स्क या जहाज कंपनीची सिस्टीम जगभर बसली आणि आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. उरण रोडला कंटेनरच्या ट्रेलरची रांग हा पॅचिंगचा विषय होऊ शकतो हे तोपर्यंत कोणाच्या डोक्यात नव्हतं. (नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डनेही पसरत होता, त्यामुळे सगळं खापर एका पॅचवर फोडता येणार नाही, ते पण खरं.)

आता तुझा दुसरा मुद्दा, अपडेट मारूनही स्कॅनर तेच दाखवतोय. याची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून लोक गोंधळतात.

पहिलं म्हणजे स्कॅनर खरं बोलतोय. कर्नलचं पॅकेज इन्स्टॉल झालं म्हणजे नवीन कर्नल डिस्कवर येऊन बसला, मेमरीत चालतोय तो जुनाच. ओपनएसएसएलचं (एन्क्रिप्शनची लायब्ररी) अपडेट आलं तर सर्व्हिस रीस्टार्ट करून भागतं, कर्नलचं तसं नाही, मशीन उठून बसल्याशिवाय नवा कर्नल चालू होत नाही. मी हे सांगतोय कारण मी स्वतः एका क्लायंटकडे पाच महिने हिरवागार डॅशबोर्ड बघत बसलो होतो, पॅच कम्प्लायन्स ९८ टक्के, दर महिन्याला मेल पाठवायचो, आणि एक दिवस सहज एका मशीनवर युनेम (चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) टाइप केलं तर मागच्या वर्षीचा कर्नल! मग स्क्रिप्ट फिरवली, तर जवळपास एक तृतीयांश मशीन तशीच. आमचं टूल इन्स्टॉल झालेलं पॅकेज मोजत होतं, चालणारा कर्नल कोणीच मोजत नव्हतं. तेव्हापासून माझ्या रिपोर्टमध्ये दोन कॉलम असतात, इन्स्टॉल काय आणि चालू काय, आणि तिसरा कॉलम अपटाइमचा (मशीन किती दिवस न थांबता चालू आहे). आज घरी जायच्या आधी तुझ्या चाळीसही मशीनवर एवढं बघ: युनेम डॅश आर काय सांगतं आणि सर्वात नवीन इन्स्टॉल झालेला कर्नल कोणता. उबंटूवर रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल पडलेली असते, रेड हॅटच्या घराण्यात नीड्स-रीस्टार्टिंग डॅश आर आहे. कधीकधी रीबूट करूनही जुनाच कर्नल उठतो कारण ग्रबमध्ये (कुठला कर्नल बूट करायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम) कोणीतरी कधीकाळी जुनी एंट्री डिफॉल्ट करून ठेवलेली असते, तेही बघ.

दुसरं कारण, स्कॅनर चुकतोय. रेड हॅट, डेबियन, उबंटू हे लिनक्सचे वितरक कर्नलची मूळ आवृत्ती वर्षानुवर्षं तीच ठेवतात आणि दुरुस्त्या मागे आणून त्यातच शिवतात, याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यामुळे ४.१८ नावाचा कर्नल बघून स्कॅनर म्हणतो अरे हा तर किती जुना, आणि प्रत्यक्षात त्यात कालची दुरुस्ती असते. आकड्याचा पुढचा भाग, तो डॅशनंतरचा, तोच खरा. पॅकेजचा चेंजलॉग काढून त्यात सीव्हीई नंबर शोध, सापडला तर ऑडिटरला त्याचा स्क्रीनशॉट आणि वितरकाची नोंद दे, चांगला ऑडिटर मान्य करतो. मान्य करत नसेल तर स्कॅनला लॉगिनचे हक्क दे, बाहेरून अंदाज बांधणारा स्कॅन आणि आत जाऊन पॅकेज वाचणारा स्कॅन यांच्या रिपोर्टमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पानंच्या पानं लाल का दिसतात याचंही एक कारण आहे. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची मंडळी सीव्हीई नंबर स्वतःच देतात आणि त्यांचं धोरण असं की ज्या दुरुस्तीचा सुरक्षेशी दूरचा संबंध असू शकतो तिलाही नंबर. त्यांचं म्हणणं, कर्नलच्या थरात जवळपास कुठलाही बग कोणाच्या तरी वापरात सुरक्षेचा होऊ शकतो आणि कोण कसं वापरतंय ते आम्हाला माहीत नाही. बऱ्याच सिक्युरिटीवाल्यांना याचा संताप येतो, मला स्वतःला ते पटतं, पण पटलं तरी चाळीस मशीन गुणिले हजारो नंबर हे कोणी माणूस वाचू शकत नाही. यातले कित्येक अशा ड्रायव्हरचे असतात जे तुझ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये लोडच होत नाहीत, वायफाय, ब्लूटूथ, कुठलंतरी ग्राफिक्स कार्ड. तेव्हा एकेक ओळ घेऊन ‘हे आपल्याला लागू आहे का’ असा खल करत बसू नकोस, दोन महिने जातील आणि तोपर्यंत यादी दुप्पट. वितरकाचा चालू कर्नल महिन्याच्या महिन्याला घ्यायचा, अख्खा, आणि फक्त सिसाच्या यादीतले किंवा खुलं एक्सप्लॉइट असलेले नंबर तेवढे महिन्याची वाट न बघता. बाकी लाल रंग आपोआप उतरतो.

मधल्या काळासाठी काही गोष्टी आजच करता येतात, रीबूटशिवाय. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ कर्नल एक्सप्लॉइटना साध्या युजरला स्वतःची नेमस्पेस (ज्यात तो रूटसारखा वागू शकतो असा वेगळा कप्पा) उघडता येणं लागतं, वरचं १०८६ पण त्यातलंच. सर्व्हरवर गरज नसेल तर ती सोय सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंग बदलणारी कमांड) बंद कर, पण आधी टेस्टवर बघ कारण रूटलेस कंटेनर आणि क्रोमचा सँडबॉक्स तिच्यावर अवलंबून असतात. साध्या युजरचं बीपीएफ (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) बंद कर. न लागणारी मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे तुकडे) लोडच होणार नाहीत अशी नोंद टाक. ही मलमपट्टी आहे, पण मलमपट्टीने रात्रीची झोप मिळते.

लाइव्ह पॅच. हो, वापर, चांगली गोष्ट आहे, पण ती काय आहे ते समजून वापर. चालत्या कर्नलमधल्या एखाद्या फंक्शनच्या तोंडाशी वळण लावायचं आणि येणारा प्रत्येक कॉल नव्या, दुरुस्त फंक्शनकडे पाठवायचा, एवढंच ते आहे. याची सुरुवात एमआयटीतून निघालेल्या केस्प्लाइसने झाली, ओरॅकलने ते २०११ मध्ये विकत घेतलं, मग रेड हॅटने केपॅच आणि सुसेने केग्राफ्ट केलं, आणि दोघांचा सामायिक पाया २०१५ च्या ४.० आवृत्तीत कर्नलमध्येच आला. फंक्शन बदलणं सोपं. पण दुरुस्तीसाठी मेमरीतल्या रचनेचा आकारच बदलायचा असेल, तर आधीच मेमरीत बसलेल्या लाखो जुन्या रचनांचं काय करणार? तिथे लाइव्ह पॅच अडतो. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या भोकाच्या वेळी, जानेवारी २०१८, कर्नलचे आणि प्रोग्रॅमचे पेज टेबलच (मेमरीचे नकाशे) वेगळे करावे लागले, ते काही चालत्या गाडीचं चाक बदलण्यासारखं नव्हतं, अख्खी चासी बदलायची होती, लोकांनी निमूट रीबूट केले. शिवाय वितरक प्रत्येक कर्नलसाठी लाइव्ह पॅच ठराविक महिनेच देतात, आणि सगळ्या भोकांसाठी देत नाहीत, फक्त मोठ्यांसाठी. युनेम तर तोच जुना आकडा दाखवत राहतं, म्हणून स्कॅनर पुन्हा बोंब मारणार. तेव्हा लाइव्ह पॅच म्हणजे शनिवारी रात्रीची विंडो (सर्व्हर बंद ठेवायची ठरलेली वेळ) मिळेपर्यंत काढलेली मुदत. सहाशे दिवस रीबूट न करण्याचा परवाना नव्हे.

आणि आता तो सहाशे दिवसांचा सर्व्हर. लांब अपटाइमचा पूर्वी मलाही अभिमान वाटायचा, आता असा आकडा दिसला की पोटात गोळा येतो. कारण त्याचा अर्थ एवढाच की हे मशीन पुन्हा उठतं का हे सहाशे दिवसांत कोणी तपासलेलं नाही. आणि मध्ये कोणी कोणी काय काय बदललंय ते त्यालाच माहीत. आमच्याकडे असाच एक होता, पॅच मारला, रीबूट मारला, उठला नाही. सगळे कर्नलला शिव्या घालत होते, जुन्या कर्नलवर नेलं तरी उठेना, पहाटे साडेतीनला कळलं की एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी) एक ओळ अशा स्टोरेजची होती जे वर्षभरापूर्वीच काढून टाकलं होतं. चालू मशीनला त्याचा काही फरक पडत नव्हता, बूट होताना मात्र ते त्या डिस्कची वाट बघत बसलं. पॅचचा काडीचा संबंध नव्हता, पण पुढे दोन वर्षं त्या क्लायंटकडे ‘पॅच मारला की सर्व्हर बसतो’ हेच ऐकलं.

म्हणून माझी एक सवय आहे, आणि अशा मशीनला ती मोडू नकोस: पहिल्या विंडोमध्ये पॅच मारायचाच नाही. काही न बदलता, जुन्याच कर्नलवर, नुसता रीबूट. अडकला तर सगळ्यांना समोर दिसतं की दोष जुना आहे, आणि तू एकाच वेळी दोन अज्ञात गोष्टींशी झगडत नाहीस. मॅनेजरला हे पटवणं जड जातं, ‘नुसत्या रीबूटसाठी डाउनटाइम कशाला’ म्हणतील, त्यांना हीच एफएसटॅबची गोष्ट सांग. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विंडोत पॅच. त्याआधी कन्सोल चालतं का बघ, आयड्रॅक किंवा आयलोचा (मशीन उठलं नाही तरी दुरून त्याची स्क्रीन दाखवणारी सोय) पासवर्ड कोणाकडे आहे आणि तो अजून चालतो का, हे दुपारीच लॉगिन करून बघायचं, रात्री बाराला नाही. ग्रबमध्ये नवीन कर्नल ‘फक्त एकदा’ बूट कर अशी सोय आहे, ती वापर, आणि पॅनिक झालं (कर्नल कोलमडून थांबला) तर दहा सेकंदांत आपोआप रीबूट होईल असा पॅरामीटर टाक, म्हणजे नवा कर्नल पॅनिक झाला तर मशीन स्वतःच जुन्यावर परत येतं आणि तुला फक्त लॉग वाचायचा राहतो. बाहेरचे ड्रायव्हर असतील, एनव्हिडियाचा किंवा बॅकअप एजंटचा किंवा अँटिव्हायरसचा, तर ते नव्या कर्नलसाठी बांधले गेलेत का हे रीबूटच्या आधी तपास, निम्मे अपघात तिथे होतात. डेटाबेसची रेप्लिका (सोबत चालणारी प्रत) असेल तर आधी ती पॅच कर, तिच्यावर लोड वळव, मग मुख्य.

बाकीच्या मशीनचं टप्प्याटप्प्याने. दोन टेस्ट, मग चार कमी महत्त्वाची, दोन-तीन दिवस थांब, मग उरलेली. एकदम सगळीकडे ढकलायचा मोह कधीच करायचा नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक फाइल विंडोजच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरकडे एकाच वेळी सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन निळी पडली, आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. ते भोक नव्हतं, रोजचं अपडेट होतं.

तुझ्या यादीत सेंटओएस ७ ची मशीन असतील, बहुतेकांकडे असतात, तर त्यांना ३० जून २०२४ नंतर फुकटचा पॅच येतच नाही, त्यांच्यासाठी वरचं काहीच लागू नाही. अल्मा किंवा रॉकीवर (सेंटओएसच्या जागी चालणारे लिनक्स) हलवायचा प्लॅन आजच लिहून दे, आणि हलेपर्यंत त्यांना बाहेरच्या जगापासून तोडून आतल्या नेटवर्कमध्ये ठेव.

आणि पहिल्या मशीनवर अपडेट मारायच्या आधी बूट पार्टिशनमध्ये जागा किती उरली आहे ते बघ. ते छोटं असतं, जुने कर्नल साठून भरतं, अपडेट अर्ध्यात थांबतं आणि कर्नल येतो पण त्याचा इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) येत नाही, मग तो बूट होत नाही. जुने कर्नल काढ, पण सगळे नाही, सध्या चालणारा आणि त्याच्या आधीचा एक ठेव. मी एकदा जागा करायच्या नादात नेमका चालणाराच उडवला होता.